तीर्थरूप ताईंस

प्रतापनगर, नागपूर
२५ जुलै २०२४

तीर्थरूप सिंधूताईंच्या चरणी कुसुमचा शिरसाष्टांग नमस्कार.

पार्सल पोचलं. तूरडाळ पाच किलो, मुगवड्यांचा डबा, लिंबाचं गोड लोणचं बरणीभर, आणि आपल्या कुलदेवीच्या कुंडाचं तीर्थ, बाटली एक. एस.टी.चं पार्सलभाडं ऐंशी, हमालाला वीस. स्टँडपासून घरापर्यंत ऑटोवाला अडीचशे म्हणाला. मी म्हटलं, बाबा, एवढ्यात मी काटोलला जाऊन माझ्या नणंदेला भेटून येते. सिटी बसनं आले. बरणीला तडा नाही, रस सांडला नाही.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि अश्विन मधे बसून सांगतो तेव्हा माझ्या दहा वाक्यांचं "आई, मामी म्हणते सगळं बरं आहे" एवढंच होतं. म्हणून आपलं पत्रच बरं.

स्वानंद बरा आहे. माझी किडनी त्याला मानवली असं डॉक्टर म्हणाले. हिंगण्याला कंपनीत परत जायला लागला. नाक्यावर कंपनीची बस येते, तोंडाला मास्क लावून चढतो. तुमचे भाऊ रोज खिडकीतून बस वळेपर्यंत पाहतात आणि मला सांगतात, मी पेपर वाचत होतो.

पण पथ्य फार. परकी किडनी अंगानं फेकून देऊ नये म्हणून ज्या गोळ्या आहेत, त्या अंगातले पहारेकरीच झोपवून ठेवतात. डॉक्टर म्हणाले, "माय, घराचं दार सताड उघडं आहे असं समजून राहा." तशीच राहते. पाणी खळखळ उकळल्याशिवाय त्याच्या पेल्यात जात नाही. कोशिंबीर बंद, उसाचा रस बंद, ठेल्यावरचे तर्री-पोहे बंद. गॅसची टाकी लवकर संपते, पण त्याला इलाज नाही.

परवा मला म्हणतो, "आई, दूध उकळलं, भांडी उकळली, माझे रुमाल उकळले. या घरात एक देव तेवढा उकळायचा राहिला." मी म्हटलं, देवाची थट्टा करू नये. हातावर पळीभर तीर्थ दिलं, ते प्यायला, ओला हात डोळ्यांना लावला आणि म्हणाला, "आत्याचा डोस झाला. आता गोळ्यांचा दे."

तुमचे गुडघे कसे आहेत? तेल चोळता का?

आपली,
कुसुम


काटोल
२ ऑगस्ट

चि. सौ. कुसुमले सिंधूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. पैसे वाचवाले बसमधी उभी राहून आली ना वं? लपवू नको, मले माहीत आहे. पोटाले टाके आहेत तुझ्या. एक किडनी पोराले दिली, दुसरी बसमधी हलवून टाकतं काय?

पोट्ट्याले सांग, आत्या म्हणे देवाले उकळाची भाषा करशीन तर कान पिरगाळून देईन. तुझ्या टायफॉइडात आणला होता तो माझ्याकडे, तेव्हा एवढासा होता. पहिलं पाऊल माझ्या अंगणात टाकलं त्यानं, तुह्या नाई. ते मी मरेपर्यंत सांगत राहीन, तू आयकत राहा.

कुसुम, माझी शुगर निघाली अन् डॉक्टरनं मले दारातूनच परत पाठवलं, ते मी विसरली नाई. मले द्याची होती किडनी. तू रक्तामासाचं दिलं. माझ्यापाशी काय आहे? माझ्यापाशी कुंड आहे. म्हणून दर पौर्णिमेले पायऱ्या उतरतो. अश्विन म्हणे, "आई, मी आणून देतो ना." मी म्हटलं, तू आणशीन ते पाणी होईन रे. मी अनवाणी जाऊन आणतो, ते तीर्थ.

अवंदा पाऊस लय. कुंड काठोकाठ भरलं. वरच्या कुरणातलं सारं पाणी त्यातच उतरून राहिलं. थोडं गढूळ होतं, धुतल्या फडक्यानं दोनदा गाळलं. राखीपौर्णिमेची बाटली अन् देवरावची राखी अश्विनच्या हातानं पाठवतो.

सिंधू


नागपूर
३० ऑगस्ट

तीर्थरूप ताईंस शिरसाष्टांग नमस्कार.

राखी पोचली, बाटली पोचली. राखी यांच्या हाताला अजून आहे, काढू देत नाहीत.

लवकर लिहिलं नाही, कारण स्वानंदला ढाळ लागले. आधी वाटलं कंपनीत कोणाच्या डब्यातलं खाल्लं. शपथेवर सांगतो, नाही खाल्लं. दोन दिवसांत डोळे आत गेले. दवाखान्यात भरती केला आहे, सलाइन चालू आहे. शौचाची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. रक्ताचा रिपोर्ट सांगतो की किडनीवर ताण आला. अंगातलं पाणी गेलं की किडनी सुकते, असं म्हणाले.

मोठे डॉक्टर सगळं विचारत होते. घरी गाय-म्हैस आहे का, कुठे पोहायला गेला का, विहिरीचं, तळ्याचं, बोअरचं पाणी पिण्यात आलं का. मी सांगितलं, "डॉक्टरसाहेब, माझ्या घरात न उकळलेल्या पाण्याचा थेंब त्याच्या तोंडात जात नाही." ते म्हणाले, "सगळ्या पेशंटच्या आया अशा असत्या तर माझं काम अर्धं झालं असतं." मला बरं वाटलं. खोटं का सांगू, अभिमानच वाटला.

सिस्टर बाहेरचं काही आणू देत नाहीत. मी तीर्थाची बाटली पदराखाली नेते. पळीभर दिलं की त्याचा चेहरा निवतो. देवीला गाऱ्हाणं घाला, ताई. तुमचं ती ऐकते.

कुसुम


काटोल
५ सप्टेंबर

चि. सौ. कुसुमले आशीर्वाद.

पोळ्याले बैल आले दाराशी, पण माझा जीव तुमच्यातच. मी देवीपुढे पदर पसरून बसली होती. म्हटलं, माय, माझं आयुष्य घे अन् पोट्ट्याले दे. आता एक कर. तीर्थ सकाळीच नको, सांजेलेही देत जाय. बाटली कमी पडाची नाई, मी अजून दोन पाठवून राहिली. ड्रायव्हर ओळखीचा आहे, पैसे घेत नाई, तुले हिशोबात लिहाचं कामच नाई.

स्वानंदले सांग, लवकर घरी ये, नाई तर आत्या तिथं येऊन पलंगावर शेजारी झोपीन, अन् मी घोरतो हे त्याले माहीत आहे.

सिंधू


नागपूर
२८ सप्टेंबर

तीर्थरूप ताईंस शिरसाष्टांग नमस्कार.

दोन्ही बाटल्या पोचल्या. घोरण्याचं वाचून दाखवलं तेव्हा तो हसला. फार दिवसांनी हसला.

रोगाचं नाव सापडलं. साध्या तपासणीत दिसत नव्हतं, वेगळा रंग लावून पाहिलं तेव्हा दिसलं. क्रिप्टोस्पोरिडियम. मी कागदावर लिहून घेतलं, अजून तोंडात बसत नाही. डोळ्यांना न दिसणारी कीड आहे, आतड्यात बसते. डॉक्टर म्हणाले, तुम्हा-आम्हाला झाली तर थोडे दिवस पोट बिघडून आपोआप जाते, कारण आपले पहारेकरी तिला हाकलतात. त्याच्या आत हाकलणारं कोणी जागं नाही. बहुतेक पाण्यातूनच येते, आणि नळाच्या पाण्यात टाकतात त्या औषधानंही मरत नाही, उकळल्यावरच मरते. मी म्हटलं, मग आमच्याकडे आली कशी? त्यांनी हात उडवले. म्हणाले, कंपनीत प्यायला असेल.

गोळी आहे तिच्यावर, पण खात्रीची नाही. पहारेकऱ्यांना जरा उठवायचं म्हणून किडनीच्या गोळ्या कमी केल्या. फार कमी केल्या तर किडनी जाते, नाही केल्या तर कीड जात नाही. ताई, असा तराजू कोणाच्या हातात येऊ नये.

गोळीनं फरक पडला होता. घरी आणला. मऊ भात खाल्ला, ताक मागितलं. मी आनंदानं गव्हल्याची खीर केली. आठवडा गेला नाही तर पुन्हा सुरू. पुन्हा भरती. पँट कमरेवर राहत नाही, नाडीची घालतो. मला म्हणतो, "आई, तुझी किडनी तुझ्यासारखीच आहे. कितीही त्रास झाला तरी सांगत नाही, एकदम रुसते."

घरी जाऊन मी गाळणीसुद्धा उकळली. त्याचा वेगळा माठ फोडून टाकला. आता आणखी काय उकळू? तीर्थ सकाळ-संध्याकाळ चालू आहे. तेवढाच आधार.

कुसुम


नागपूर
१४ नोव्हेंबर

सौ. सिंधूताई यांस कुसुमचा नमस्कार.

तेरवीनंतर तुम्ही गेलात तेव्हा चष्म्याचं घर आणि एक चोळी इथे राहिली. यासोबत पाठवते आहे. पार्सलचे चाळीस मी भरले, तिकडे देऊ नका.

यांची तब्येत बरी आहे. कंपनीची बस अजून नाक्यावर थांबते. हे खिडकीशी जात नाहीत. पाणी उकळायला ठेवते, उकळी आली की आठवतं.

उद्या पौर्णिमा. आमच्या दोघांसाठी बाटली पाठवते म्हणाला होतात. पाठवू नका. यापुढेही नको.

कुसुम


काटोल
२० नोव्हेंबर

सौ. कुसुम हिस,

चष्म्याचं घर पोचलं. चष्मा लावूनच तुझं पत्र वाचलं. वरची ओळ आधी वाचली अन् मग बाकीचं वाचाची इच्छाच नाई राहिली.

लग्न होऊन आली तेव्हापासून तू मले तीर्थरूप लिहितं. पस्तीस वर्षांत एकदा नाई चुकली. आपलं शेताच्या बांधावरून भांडण झालं होतं, तेव्हाही तू "तीर्थरूप" लिहून मग खाली शिव्या घातल्या होत्या. आता खोडलं काहून? मी काय केलं तुझं?

नाई, मले समजते. तू किडनी दिली, तू मोठी झाली. मी कोण? कुंडावरून बाटली आणणारी म्हातारी. पण कुसुम, एक गोष्ट माझ्या गळ्यात अडकून बसली आहे, ते आज लिहितो. त्या दिवशी दवाखान्यात तो जाऊन राहिला होता. श्वास वर लागला होता. मरणाऱ्याच्या तोंडात थेंब परका माणूसही घालते. मी तर त्याले चालाले शिकवलं. मी बाटली उघडली अन् तू माझं मनगट धरलं. साऱ्यांसमोर. बाटली पडली, तीर्थ फरशीवर गेलं अन् सफाईवाल्या बाईनं पोछा मारला त्याच्यावर. मी तेरा दिवस तुझ्या घरात राहिली, एक शब्द बोलली नाई. तूही नाई बोलली.

मले वाटलं दुःखानं हात उठला. आता तुझं पत्र आलं तर कळलं, दुःखानं नाई.

बरं. तुले नको तर नको. मागणारे लय आहेत. आमच्या शेजारची पायल, भैय्याजीची सून, तुले माहीत आहे. तिले रक्ताचा कॅन्सर निघाला, नागपूरले जाऊन इंजेक्शनं घेते, डोक्यावर केस नाई राहिले पोरीच्या. तिची सासू आली होती हात जोडून. या पौर्णिमेची बाटली मी तिले देऊन राहिली. तिले तरी गुण येवो.

सिंधू


नागपूर
२३ नोव्हेंबर

ती. ताईंस कुसुमचा नमस्कार.

वर "ती." एवढंच तुटक लिहिलं आहे, रागावू नका. पूर्ण शब्द लिहायला घेतला आणि एवढाच लिहवला.

काल तुमचं पत्र हातात पडलं त्याच पावली अश्विनला फोन केला. सांगितलं, पायलला ते तीर्थ देऊ नका, पोचलं असेल तर परत आणा. तो म्हणाला, "मामी, झालं काय? आई आधीच तुमच्यावर चिडून आहे." कारण मला फोनवर सांगता आलं नाही. आणि सांगितलं असतं तर तुमच्या कानाशी त्याला ओरडून सांगावं लागलं असतं. ते ओरडून सांगायचं नाही. म्हणून लिहिते. बसून वाचा, ताई. जवळ कोणाला तरी बसवा.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. स्वानंद तिसऱ्यांदा भरती होता. गोळी देऊनही कीड परत कशी येते, हे कोणाला उमगत नव्हतं. वॉर्डात एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, बंगालकडच्या. मराठी येत नाही. स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या, म्हणाल्या, "माताजी, सुबह से रात तक इनके मुँह में जो भी जाता है, सब बताइए. दवा, प्रसाद, सब." मी सांगत गेले. उठल्यावर गोळ्या, मग तीर्थ, मग उकळलेलं दूध. त्यांनी हात वर केला. "तीर्थ? तीर्थ तो जगह होती है न, जहाँ जाते हैं?"

मी म्हटलं, नाही, हे पीने का होता है.

"पीने का? क्या होता है वो?"

आणि मी म्हटलं, "पानी."

ताई, माझ्याच तोंडून निघालं. मी मॅट्रिक झाले, घरचा सगळा कारभार ठेवते, पण तीर्थाला पाणी मी जन्मात म्हटलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं ना, विहिरीचं-तळ्याचं पाणी पिण्यात आलं का? मी खोटं बोलले नव्हते. मला ते पाणी वाटलंच नव्हतं. हिंदीत सांगावं लागलं म्हणून ते पाणी झालं.

त्यांनी विचारलं, "कहाँ का पानी?" मी म्हटलं, कुंड का. "उबालते हैं?" मी म्हटलं, तीर्थ उबालते नहीं, उबालने से... पुढचं मला हिंदीत आलं नाही. मराठीतही आलं नसतं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. मोठे डॉक्टर नंतर म्हणाले की त्याच पाण्यातून आलं असं खात्रीनं कोणी सांगू शकत नाही, पण गुरं चरतात तिथलं पावसाचं वाहून आलेलं पाणी असेल तर अशा पेशंटला ते विषच. एकदा बरा होत होता आणि आपण पुन्हा पाजलं. मी सकाळ-संध्याकाळ पाजलं.

स्वानंद जागा होता. त्यानं सगळं ऐकलं. डॉक्टरीणबाई गेल्यावर म्हणाला, "आई, आत्याले सांगू नको. ती पाय खरडत खाली उतरून आणते ते. ती मरून जाईल." मी त्याला विचारलं, तुला आधी कधी शंका आली होती का रे? मग म्हणाला, "आली होती एकदा. पण तू पळी पुढे केली की तुझं तोंड इतकं खूश दिसे." त्यानं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून मला शपथ घातली, आत्याला सांगायचं नाही. त्या दिवसापासून बाटली बंद केली, पण तोपर्यंत किडनी गेली होती, आणि मग रक्तात जंतू शिरले. पुढचं तुमच्या डोळ्यांसमोर झालं.

तुम्ही बाटली उघडलीत तेव्हा तो जाणारच होता, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या थेंबानं काही बिघडणार नव्हतं. तो थेंब तुमच्या हक्काचा होता. पण माझा हात ऐकला नाही. तो माझा मुलगा होता आणि तुमच्या हातात पाणी होतं, एवढंच मला दिसलं. तुमचा तो थेंब मी फरशीवर सांडला, त्याची माफी मागायला मला शब्द नाही.

तेरा दिवस तुम्ही माझ्या शेजारी झोपलात. रात्री घोरत नव्हतात, म्हणजे जाग्या होतात. मीही जागी होते. सांगितलं नाही, कारण शपथ होती. मग पत्र लिहायला बसले तर "तीर्थरूप" शब्द लिहवेना. तुमच्यावरचा राग नव्हता तो, ताई. शब्दच घशाखाली उतरत नव्हता. तुम्ही मायेनं आणलं. देवीनंही काही केलं नाही. तिनं कुठे सांगितलं होतं की उकळू नका? पळी माझ्या हातात होती.

पोराची शपथ मी आज मोडली. तो असता तर रागावला असता, पण पायलचं नाव ऐकून त्यानंच मला टपालपेटीपर्यंत ढकललं असतं. तिच्या इंजेक्शनांनीही पहारेकरी झोपतात. तिचंही दार उघडं आहे.

आता मी सांगते ते करा, रडणं मागाहून करा. पुढचं आपण दोघी मिळून करू, तुमचं उत्तर आलं की मी येते तिकडे. आधी पायलच्या घरी जा. तिनं घेतलं असेल तर ढाळ लागायची वाट पाहू नका, तिच्या डॉक्टरांकडे न्या. आणि डॉक्टरांनी विचारलं तर तीर्थ म्हणू नका, ताई. कुंडाचं पाणी म्हणा. न उकळलेलं म्हणा. तुमच्यानं नाही म्हणवलं तर हे पत्र दाखवा.

अश्विन म्हणाला, आईनं बाटली दिली की नाही, मला माहीत नाही. पायलनं ते घेतलं का, तेवढं तुमच्या हातानं लिहून उलट टपाली कळवा.

कुसुम